पुरुष मंडळी कुठे आहेत?



मागे या पानावर एका भगिनीचं पत्र आलं होतं. तिने एवढंच विचारलं होतं की उपासनेला, घरसभेला, आजाऱ्याच्या भेटीला सगळीकडे बायकाच दिसतात, मग पुरुष मंडळी असतात तरी कुठे? त्यावर दोन-तीन बंधूंनी जरा रागातच उत्तरं लिहिली. पुरुष ड्युटीवर असतात, पुरुष कमावतात म्हणून तर दानपेटीत पैसे पडतात, वगैरे. मी बोरगावचा. आमच्या औद्योगिक क्षेत्रात तिन्ही पाळ्यांत काम चालतं, त्यामुळे ड्युटीचं कारण मला समजतं. पण पूर्ण पटत नाही. रात्रपाळी करून आलेला माणूस क्रिकेटची मॅच असली की दुपारपर्यंत टक्क जागा असतो, हे मी रोज बघतो.

बोरगाव सगळ्यांना माहीत असेलच असं नाही. सौंसर तालुका, २०२३ पासून जिल्हा पांढुर्णा. राज्य मध्य प्रदेश, घरात बोली मराठी, कागदपत्रं हिंदीत, आणि दवाखाना, लग्नाची खरेदी, पोरांचं कॉलेज म्हटलं की तोंड सावनेर-नागपूरकडे. चहूबाजूंनी संत्रा, कापूस, तूर, आणि मधेच कंपन्यांची धुराडी. आम्ही ख्रिस्ती घरं मोजकीच. कुणी छिंदवाड्याकडचे लूथरन, कुणी नागपूरकडचे, दोन घरं केरळची. घरसभेत एक गीत ‘उपासना संगीत’मधलं होतं, तर दुसरं हिंदी. प्रार्थना ज्याला जशी येईल तशी.

आमच्या महिला मंडळाची सभा उन्हाळा, पावसाळा काही असो, चुकत नाही. पुरुषांची सभा मात्र दर पावसाळ्यात आजारी पडते आणि दिवाळीनंतर परत उठते. तरी गेली दोन वर्षं महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी आम्ही आठ-नऊ जण जमतो. चहा, एक अध्याय, थोड्या गप्पा, प्रार्थना. बहुतेक वेळा गप्पाच जास्त. त्या गप्पांतच एक गोष्ट निघाली, तिच्यासाठी हे पत्र लिहितो आहे. ज्याची गोष्ट आहे त्याला विचारूनच लिहितो आहे, नाव मात्र देत नाही.

आमच्यात एक तिशीचा तरुण आहे. मशीनवर काम करतो, माणूस सालस. तो जन्मापासून ख्रिस्ती, बायको शेजारच्या गावच्या हिंदू घरची. दोघांनी आपल्या पसंतीने लग्न केलं, कोर्टात नोंदवलं. चार वर्षं बरी गेली. मग मुलगी झाली, आणि तिच्या नावावरून, बाप्तिस्म्यावरून, दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांचा जीव वर-खाली सुरू झाला. त्यात बायको शनिवारी जामसावळीला हनुमानाच्या दर्शनाला जाते. लहानपणापासून जाते. लग्नाआधी याला ते माहीत होतं, चालत होतं. आता त्याची आई म्हणते, चालत नाही.

त्या शनिवारी तो बोलता बोलता रडकुंडीला आला. “काका, मी घरचा कर्ता. माझ्याच घरात माझं चालत नाही, तर बाहेर काय तोंड दाखवू सांगा न?”

आमच्यातले एक बंधू लगेच म्हणाले, “माहेरी पाठवून दे दोन महिने. येते बरोबर लायनीवर.” दुसऱ्याने पवित्र शास्त्र उघडून इफिसकरांस पत्राचा पाचवा अध्याय काढला आणि बोट ठेवलं बरोबर बाविसाव्या वचनावर, जिथे बायकांनी नवऱ्याच्या अधीन असावं असं सांगितलं आहे. हे बाविसावं वचन आपल्या पुरुषांना झोपेतही पाठ असतं. त्याच्या आधीचं एकविसावं, ज्यात सगळ्यांनीच एकमेकांच्या अधीन राहायचं आहे, आणि पुढचं पंचविसावं, ज्यात नवऱ्यापुढे ख्रिस्ताने मंडळीसाठी दिलेल्या जिवाचं माप ठेवलं आहे, ती दोन मात्र कुणाला तोंडपाठ असल्याचं मला आजवर आढळलं नाही.

आणि तो पोरगा खरोखर बायकोला माहेरी पाठवायच्या बेतात होता. बॅग भरायला सांगून आला होता. पोरगी पावणेदोन वर्षांची.

मी त्याला नारायण वामन टिळकांची गोष्ट सांगितली. आपल्या पानाच्या वाचकांना टिळक माहीत आहेत. त्यांची गीतं आपण दर रविवारी गातो. पण बहुतेकांना ठाऊक असतात ते कवी टिळक. नवरा म्हणून टिळक कसे होते, हे फारसं बोललं जात नाही.

टिळकांचा जन्म १८६१चा, कोकणातला. ब्राह्मण घर. लक्ष्मीबाईंशी लग्न झालं तेव्हा त्या अकरा-बारा वर्षांच्या. टिळक काही काळ आपल्या नागपुरातही होते, आप्पासाहेब बुटींच्या आश्रयाने ग्रंथांचं काम करत. तिथून राजनांदगावला निघाले असताना आगगाडीत त्यांना एक युरोपियन गृहस्थ भेटला. कवितेवर बोलणं झालं, आणि त्याने यांच्या हातात नवा करार ठेवला. डोंगरावरच्या प्रवचनापाशी टिळक अडकले ते अडकलेच. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

ही झाली साक्ष. आपण साक्ष इथे थांबवतो आणि टाळ्या वाजवतो. पण त्या दिवशी लक्ष्मीबाई नाशिककडे आपल्या माणसांत होत्या, पदरात लहान मुलगा होता, आणि ही बातमी त्यांच्यावर वीज पडावी तशी पडली. सोवळं पाळणारी बाई. नवरा जिवंत असून तो आपला राहिला नाही, असं त्या काळच्या समाजाने त्यांना सांगितलं. पुढची चार-पाच वर्षं दोघं वेगळे राहिले.

आता त्या काळचा कायदा बघा. इंग्रज सरकारने १८६६ साली एक कायदा केला होता. ख्रिस्ती झालेल्या माणसाचा नवरा किंवा बायको धर्मापायी नांदायला तयार नसेल, तर त्याला कोर्टात जाऊन लग्न मोडून घेता येत असे. म्हणजे वाट मोकळी होती. चांगली ख्रिस्ती मुलगी पाहून दुसरा संसार थाटायचा, आणि समाजात कुणी नावं ठेवली नसती. टिळक त्या वाटेने गेले नाहीत. बायकोवर हक्क सांगून तिला ओढूनही आणलं नाही. ते थांबले. थांबले म्हणजे गप्प बसले असं नाही. पत्रं लिहिली, कविता लिहिल्या, रागावले, तळमळले, पण थांबले.

पुढे लक्ष्मीबाई आपण होऊन त्यांच्याकडे नगरला आल्या, त्याही ख्रिस्ती व्हायला नव्हे, नवऱ्याकडे म्हणून. आल्या त्या आपलं सोवळं घेऊन. त्यांचं पाणी वेगळं, स्वयंपाक वेगळा. एका ख्रिस्ती उपदेशकाच्या घरात त्याचीच बायको त्याच्या हातचं पाणी घेत नाही, हे डोळ्यांपुढे आणा. मिशनच्या आवारात काय काय बोललं गेलं असेल! टिळकांनी ते चालू दिलं. जातपात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न लक्ष्मीबाईंना त्यांच्या स्वतःच्या डोक्यात पडला, आणि उत्तरही त्यांनी स्वतःच काढलं. १९००च्या सुमारास त्यांचा बाप्तिस्मा झाला. कुणाच्या धाकाने झाला असता, तर पुढची लक्ष्मीबाई आपल्याला मिळाली असती का, मला शंका आहे. छपन्नच्या दुष्काळात नवऱ्याने घरी आणलेल्या अनाथ पोरांचं करणारी, नवऱ्यामागे त्याचं अपुरं ‘ख्रिस्तायन’ पुरं करणारी बाई अशी धाकाने तयार होत नाही.

हे सगळं आपल्याला कळलं कसं? लक्ष्मीबाईंनीच लिहिलं म्हणून. ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागाने छापलं गेलं, आणि आज मराठीत ज्याला वाचनाची गोडी आहे त्याच्या घरी ते असतं, मग तो कोणत्या का धर्माचा असेना. आणि बंधूंनो, त्यात टिळकांची आरती नाही. त्यांचा तापट स्वभाव आहे. न सांगता घरातून निघून जाणं आहे. हातात आलेला पैसा घरी पोचेपर्यंत कुणा गरजवंताला देऊन टाकणं आहे, आणि मग चुलीपुढे बसलेल्या बाईची झालेली पंचाईतही आहे. लक्ष्मीबाई हसत हसत सगळं सांगून मोकळ्या होतात. तरी पुस्तक संपल्यावर आपल्याला कळतं की या बाईचं या माणसावर मनापासून प्रेम होतं, आणि तो माणूस प्रेम करण्यासारखा होता.

मी त्या सभेत सगळ्यांना विचारलं: उद्या आपल्या बायकोने आपल्यावर असं पुस्तक लिहिलं, सगळं खरं खरं, तर आपल्यापैकी कितीजण ते या पानाच्या संपादकांकडे पाठवायला तयार होतील? सगळे हसले. मग कुणी हसेना.

दान किती दिलं, उपवास किती केले, संदेश किती छान दिला, हे सगळं मंडळीला दिसतं. घरातल्या बाईला जे दिसतं ते वेगळंच. पगाराच्या दिवशी नवरा किती वाजता घरी आला आणि तोंडाला कसला वास होता, हे तिला माहीत असतं. सासऱ्याकडून गाडीसाठी पैसे मागायला कुणी लावलं, हे तिला माहीत असतं. आपण ख्रिस्ती लोक हुंडा घेत नाही असं छातीवर हात ठेवून सांगतो, आणि ‘मुलीला प्रेमाने काय द्यायचं ते द्या’ असं म्हणून फ्रीजपासून मोटरसायकलपर्यंत यादी पोचवतो. हे मी ऐकीव सांगत नाही.

आपल्यातल्याच बाबा पदमनजींनी १८५७ साली, म्हणजे बंडाच्या साली, ‘यमुनापर्यटन’ लिहिलं. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून तिचं नाव घेतात. विषय कुठला, तर विधवांचे हाल. ख्रिस्ती होऊन तीनच वर्षं झालेला हा पुरुष आधी कुणाचं दुखणं बघतो, तर ज्यांचं ऐकायला घरात कुणी नाही त्यांचं. आपण त्यांचं नाव शताब्दीच्या भाषणात घेतो, तेही घाईघाईत.

परत टिळकांकडे येतो, कारण आमच्या तरुणाच्या प्रश्नाला आणखी एक बाजू होती. त्याची आई म्हणत होती, घरात दुसऱ्या धर्माचं माणूस असलं की घराची साक्ष बिघडते. टिळकांच्या नगरच्या घरात बालकवी राहायचे. होय, तेच त्र्यंबक बापूजी ठोंबरे, ज्यांच्या कविता आपण शाळेत पाठ केल्या. हिंदू घरचा पोरगा. टिळक-लक्ष्मीबाईंनी त्याला मुलासारखं ठेवलं, कवितेला उत्तेजन दिलं. तो हिंदूच राहिला आणि मुलगाही राहिला. १९१८ साली रेल्वेच्या अपघातात तो गेला. आणि त्याच्या आदल्याच वर्षी, १९१७ साली, टिळकांनी मिशनचा पगार सोडून ‘देवाचा दरबार’ सुरू केला होता, ज्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघांनाही जागा होती. त्या वयात बांधील पगार सोडणं काय असतं, हे कंपनीत कामाला असलेल्या माणसाला समजवून सांगायला नको. १९१९च्या मे महिन्यात टिळक वारले. त्यांच्या घराची साक्ष बिघडली असं आजवर मी कुठे वाचलं नाही.

पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात, सातव्या अध्यायात, या गोष्टीवर सरळ सांगितलं आहे. बंधूची बायको विश्वासात नसेल आणि ती त्याच्याबरोबर नांदायला राजी असेल, तर त्याने तिला सोडू नये. मी ते बाराव्या वचनापासून मोठ्याने वाचायला लावलं, ज्याने आधी इफिसकरांस पत्र काढलं होतं त्यालाच. त्याने वाचलं आणि म्हणाला, “हे कधी वाचलंच नव्हतं बाप्पा.”

कामाच्या ठिकाणचंही थोडं सांगतो. पुरुषाचा अर्धा जन्म तिथेच जातो. बरेच बंधू म्हणतात, आम्हाला बोलता येत नाही, प्रार्थना मोठ्याने करता येत नाही, मग आम्ही कसली साक्ष देणार? मी त्यांना योसेफाची आठवण करून देतो. चारही शुभवर्तमानांत योसेफाच्या तोंडी एक वाक्य नाही. मरीयेबद्दल संशयाची वेळ आली तेव्हा तिची चारचौघांत बेअब्रू होऊ नये एवढं त्याने आधी पाहिलं, आणि पुढे देवदूताने सांगितलं तसं मुकाट्याने केलं. हातात सुताराची हत्यारं. हा मनुष्य आजच्या काळात असता, तर आपल्या सभेत शेवटच्या खुर्चीवर बसला असता आणि चहाचे कप गोळा करून गेला असता.

आमच्यातला एक जण ठेकेदाराच्या हजेरीचं काम बघतो. आलेल्या मजुरांपेक्षा चार नावं जास्त लिही, असं त्याला सांगितलं गेलं. त्याने लिहिली नाहीत. भाषण दिलं नाही, वचन सांगितलं नाही, फक्त म्हणाला, “जेवढे आले तेवढेच लिहितो, साहेब.” तीन महिने त्याला लांबच्या साईटवर टाकलं होतं. घरी मुलांची फी, वर पेट्रोलचा खर्च. त्या तीन महिन्यांत आमच्या पुरुष सभेने काय केलं? महिन्याला पेट्रोलचे पैसे काढले. जास्त नव्हते. पण मला वाटतं आमच्या सभेने आजवर केलेलं ते सगळ्यात नीट काम. त्याच्यासाठी नुसती प्रार्थना करून त्याला तसंच घरी पाठवलं असतं, तर तो परत सभेला आला असता असं मला वाटत नाही, आणि मी त्याला दोषही दिला नसता.

नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात आमच्या भागातली कितीतरी पोरं शिकली. ज्यांच्या नावाचं ते कॉलेज आहे ते स्टीफन हिस्लॉप १८४५ साली नागपुरात आले आणि अठरा वर्षं राहिले. ४ सप्टेंबर १८६३ला ते टाकळघाटकडे जुनी दगडी वर्तुळं पाहायला गेले होते. बरोबरचे लोक पुढे निघाले, हे बोरीच्या खेड्यातली शाळा तपासायला मागे राहिले, आणि परतताना पूर आलेल्या नाल्यात बुडाले. मोठा विद्वान माणूस, पण शेवटच्या दिवशी हातात काम होतं ते खेड्यातल्या पोरांच्या शाळेचं. मला ही गोष्ट पावसाळ्यात हमखास आठवते. आमच्याकडचे नालेही असेच, एका तासात भरतात.

आता आमच्या तरुणाचं. वाचकांना वाटत असेल की मी सगळं गोड करून सांगणार. तसं नाही. आई अजून रागावलेली आहे आणि छिंदवाड्याला धाकट्याकडे राहते. मुलीच्या बाप्तिस्म्याचं ठरलेलं नाही. पाळकसाहेबांनी दोघांना एकत्र बसवून बोलायचं कबूल केलं आहे, आणि बायको त्याला तयार झाली आहे, एवढंच.

पण बॅग रिकामी झाली. आणि पुढच्या शनिवारी तो सकाळची पाळी करून घरी आला, बायको बससाठी निघाली होती, बाहेर ऊन मी म्हणत होतं, कडेवर पोरगी. त्याने गाडी काढली आणि तिला जामसावळीला नेऊन सोडलं. स्वतः आत गेला नाही. बाहेर रस्त्याच्या कडेला, झाडाखाली, पोरीला घेऊन उभा राहिला. ती आली, तिने विचारलं, “तुम्ही घरी का नाही गेलात?” तो म्हणाला, “तुला परत कोण आणणार?”

हे त्याने सभेत सांगितलं तेव्हा एक बंधू म्हणाले, हे जरा जास्तच झालं, ख्रिस्ती माणसाने तिथपर्यंत जायला नको होतं. यावर आमच्यात दोन मतं आहेत, आणि या पानावर वाचकांनी लिहिलं तर मला आवडेल. माझं मत विचाराल तर त्या झाडाखाली तो कर्ता पुरुषासारखा उभा होता. ज्या रविवारी घरसभा त्याच्याकडे होती, त्या दिवशी बायकोने सगळ्यांसाठी पोहे केले आणि प्रार्थनेच्या वेळी मागे दाराशी बसून राहिली. तिला कुणी काही विचारलं नाही. मीच सगळ्यांना आधी सांगून ठेवलं होतं की विचारायचं नाही.

त्या भगिनीला उत्तर द्यायचं राहिलंच. ताई, बोरगावचे पुरुष महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी, पहिली पाळी सुटल्यावर, आमच्या घरी असतात. या पावसाळ्यात सभा बंद पडू द्यायची नाही असं ठरलं आहे. दर वेळी ‘स्मृतिचित्रे’तली थोडी पानं मोठ्याने वाचायची आहेत. नागपूरहून दोन प्रती मागवल्या. एक त्या तरुणाने नेली. दुसरी आमच्याकडे आहे, पण सध्या ती मला मिळत नाही, कारण बायको वाचते आहे, आणि मधूनच चष्मा वर करून माझ्याकडे बघते.